कापड कोणी कर्णावर मोजत नाही

भिवंडीत ग्रे कापडाचा सौदा होताना एक प्रश्न कधी चुकत नाही: पन्हा किती? सूत कोणतं, वजन काय, भाव कसा, हे सगळं त्याच्या आगेमागे येतं. पण पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कळल्याशिवाय त्या कापडाची चादर होणार की शर्ट, हे सांगता येत नाही. शिवाय ही विणून झाल्यावर ठरवायची गोष्ट नव्हे. बीम मागावर चढण्याआधीच पन्हा पक्का झालेला असतो, फणी त्याच्या हिशेबाने बसवलेली असते. नंतर कारखानदाराने कितीही मनात आणलं तरी कापड दोन बोटं रुंद होत नाही.

घरात सिनेमाचा पडदा लावणाऱ्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

याच शहराच्या वेशीवर माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ अशा गावांत गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून ती इथे वाढली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. मुंबई-ठाण्यातल्या घरांत ऑनलाइन मागवलेल्या कितीतरी वस्तू याच पट्ट्यातून निघतात आणि त्यात आता होम थिएटरचे प्रोजेक्टरही असतात. त्यांच्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं: १०० इंच, १५० इंच, २०० इंच. हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ. कापडबाजारात कोणी कर्णावर तागा विकायला बसला, तर त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळण्याआधी हसू मिळेल. प्रोजेक्टरच्या बाजारात तोच धंदा राजरोस चालतो, कारण कर्णाचा आकडा मोठा दिसतो आणि आकार लपवतो.

किती लपवतो, ते पाहण्यासारखं आहे. जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारातला १०० इंचांचा पडदा ८० इंच रुंद आणि ६० इंच उंच असतो. आजच्या टीव्हीच्या १६:९ आकारात तेच १०० इंच म्हणजे सुमारे ८७ बाय ४९. आणि सिनेमास्कोपच्या २.३५ या लांबुळक्या आकारात ९२ बाय ३९. तिघांचा कर्ण एकच. पण तिसऱ्या पडद्याचं क्षेत्रफळ पहिल्यापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी भरतं. ‘शंभर इंच’ म्हणून पैसे मोजणाऱ्याने यातलं नेमकं काय विकत घेतलं, हे त्याला घरी खोकं उघडल्यावर कळतं. कधी कधी भिंतीला भोकं पाडून झाल्यावर.

पडद्याच्या आकाराची ही भानगड काही प्रोजेक्टर कंपन्यांनी निर्माण केलेली नाही. भिवंडीच्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा जादूच्या कंदिलाचा खेळ सुरू केला, मुंबईत ल्यूमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला जाण्याच्या चार वर्षं आधी. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं एकाहून अधिक कंदिलांतून पडद्यावर टाकून ती हलल्याचा भास निर्माण करायचा, असा तो खेळ. दोन कंदिलांची चित्रं एकाच जागी, एकाच मापाची पडली नाहीत तर राजा एकीकडे आणि त्याचा हात दुसरीकडे दिसणार. म्हणजे प्रोजेक्टर कुठे ठेवायचा आणि पडद्यापासून किती अंतरावर, ही डोकेदुखी या परिसरात सिनेमापेक्षाही जुनी आहे.

पुढे १९५३ मध्ये अमेरिकेत सिनेमास्कोपमधला ‘द रोब’ हा चित्रपट आला आणि सिनेमाचा पडदा आडवा पसरला. घरोघरी शिरलेल्या टीव्हीला उत्तर म्हणून हॉलिवूडने हा रुंद पडदा पुढे केला होता. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये ‘कागज़ के फूल’ सिनेमास्कोपमध्ये काढला. भारतातला तो पहिला. व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्याने त्या रुंद चौकटीत रिकाम्या स्टुडिओचा अंधार आणि वरून उतरणारा उन्हाचा झोत पकडला. चित्रपट तेव्हा आपटला, चौकट मात्र रुजली. स्कोपची फिल्म चित्र आडवं दाबून साठवते आणि प्रोजेक्टरवरचं खास भिंग ते पुन्हा दुप्पट रुंद करून पडद्यावर टाकतं. गणेशोत्सवात गल्लीच्या दोन टोकांना दोर बांधून, पांढरं कापड ताणून सिनेमा पाहिलेल्या पिढीला हे भिंग चांगलं आठवत असेल, विशेषतः ते नसतानाचा खेळ. मशीनवाल्याकडे स्कोपचं भिंग नसलं की नायक-नायिका, घोडे आणि मोटारी, सगळेच काटकुळे आणि लांबच लांब दिसायचे. पडद्याच्या मागे बसलेल्यांना तर नावंही उलटी वाचावी लागत. तरी सिनेमा संपेपर्यंत कोणी उठत नसे.

तोच मशीनवाला टेबलाच्या पायाखाली विटा सरकवून, दोन पावलं मागे-पुढे होऊन चित्र कापडाच्या काठाला काठ लावून बसवायचा. आजच्या घरमालकाला नेमकं हेच करायचं आहे. फरक इतकाच की मशीनवाल्याला गल्लीभर जागा होती आणि घरमालकाकडे दहा बाय चौदाचा हॉल आहे.

टीव्ही रुंद करायची वेळ आली तेव्हा १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने त्या वेळचे सगळे प्रचलित आकार सारख्याच क्षेत्रफळाचे आयत म्हणून कापले आणि एकमेकांवर ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयत, दोघांचं प्रमाण साधारण १.७७ निघालं. तोच आजचा १६:९. कोणत्याही एका प्रकाराला पुरा न बसणारा, पण कोणाचंही फार नुकसान न करणारा हा आकार आहे. सरकारी समितीला साधली नसती अशी तडजोड एका माणसाने कात्रीने साधली.

तरीही ‘घरातलं थिएटर’ म्हटलं की हौशी माणसाला २.३५ चा पडदा खुणावतो. थिएटरात न्यूज रील संपून स्कोपचा सिनेमा सुरू होताना बाजूचे काळे पडदे सरकत जायचे, ती आठवण त्यामागे असते. हौस समजण्यासारखी आहे. पण बहुतेक घरांसाठी हा सौदा आतबट्ट्याचा आहे.

एका मराठी घरात वर्षभरात काय पाहिलं जातं, याचा हिशेब मांडावा. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ जवळजवळ चौकोनी, १.३७ चा. क्रिकेट आणि मालिका १६:९. ‘कागज़ के फूल’ २.३५. वेब मालिकांमध्ये आता दोनास एक हे प्रमाणही रुळलं आहे. २०१३ ची ‘हाउस ऑफ कार्ड्स’ त्याच मापाची. आता १०० इंची १६:९ पडद्यावर क्रिकेट पूर्ण ८७ इंच रुंद दिसेल, तुकोबा ६७ इंच रुंद, आणि गुरुदत्त ८७ बाय ३७, वर-खाली काळ्या पट्ट्यांसह. तेच १०० इंची स्कोप पडद्यावर पाहिलं तर गुरुदत्त ९२ इंचांवर जातो, म्हणजे पाच इंचांचा फायदा. त्याबदल्यात क्रिकेट ८७ वरून ७० इंचांखाली घसरतं आणि तुकोबा ५४ इंचांत अंग चोरून बसतात. पाच इंचांसाठी सतरा इंच घालवायचे, हा व्यवहार भिवंडीतला कोणता व्यापारी मान्य करेल?

मुळात प्रश्न भिंतीचा आहे. ज्या हॉलची अडचण रुंदीची असते, म्हणजे भिंत दहा फुटांची, एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला कपाट, तिथे जितकी रुंदी मिळेल तितक्या रुंदीचा १६:९ पडदा लावावा. स्कोपचा सिनेमा त्यावरही तितकाच रुंद दिसतो, फक्त वर-खाली काळं राहतं. ते डोळ्याला खुपत असेल तर काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या शिवून घ्याव्यात. या गावात कापडाला तोटा नाही. स्कोपचा पडदा खरा शोभतो तो अडचण उंचीची असेल तिथे. जुन्या वाड्यातली किंवा चाळीतली लांब खोली, वर पोटमाळा, डोक्याला लागेल इतकं खाली आलेलं छत, पण भिंत मात्र सरळसोट लांब. अशा खोलीत उंची वाढवता येत नाही, रुंदी वाढवता येते. तिथे २.३५ चा पडदा हौस नसून शहाणपण ठरतं.

पण त्याची किंमत प्रोजेक्टरच्या जागेत मोजावी लागते आणि दुकानात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

प्रत्येक प्रोजेक्टरचा एक आकडा असतो, थ्रो रेशो. भिंगापासून पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. हा आकडा १.२ असेल तर ८७ इंच रुंद चित्रासाठी भिंग पडद्यापासून १०४ इंचांवर, म्हणजे पावणेनऊ फुटांच्या जरा आत हवं, १.५ असेल तर जवळजवळ अकरा फुटांवर. ज्या यंत्राला झूम असतो त्याचे दोन आकडे असतात, समजा १.२ ते १.६, आणि मग या दोन अंतरांच्या मध्ये कुठेही ते बसवता येतं. स्वस्तातल्या पुष्कळ यंत्रांना असा खरा झूम नसतोच. रिमोटवर ‘झूम’ लिहिलेलं असतं, पण ते बटण चित्राचे ठिपके कमी करून त्याला नुसतं लहान करतं. अशा यंत्राला घरात एकच जागा, आणि ती जागा घरमालकाला हवी तिथे असेलच असं नाही.

आता स्कोपचा पडदा घ्या. त्यावर दोन चित्रं बसवायची आहेत: सिनेमा ९२ इंच रुंद आणि क्रिकेट त्याच उंचीचं, सुमारे ७० इंच रुंद. यंत्र मात्र एकाच जागी टांगलेलं राहणार. १.२ ते १.६ झूमचं यंत्र सिनेमासाठी ११० ते १४७ इंचांवर चालेल आणि क्रिकेटसाठी ८४ ते १११ इंचांवर. दोन्हींना चालेल अशी जागा जेमतेम एका इंचाची. तिथे पंख्याचा हूक असला, तर संपलं. झूम याहून कमी असेल तर दोन पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत. मग पडदा कितीही महागाचा असो, एक तरी चित्र काठाबाहेर सांडणार किंवा मध्येच आखडणार. दुप्पट झूमचं यंत्र, समजा १.३५ ते २.७ चं, घेतलं तर हाच पट्टा सव्वादहा फुटांपासून साडेपंधरा फुटांपर्यंत ऐसपैस पसरतो. अशी यंत्रं असतात, भिंगाच्या जागा लक्षातही ठेवतात, पण त्यांची किंमत ऐकून माणूस टीव्हीच बरा म्हणतो.

चौदा फुटांचा हॉल म्हणजे चौदा फूट अंतर, हाही एक गोड गैरसमज. यंत्राची स्वतःची लांबी, मागच्या तारा आणि गरम हवा बाहेर पडायला मोकळी जागा यांत दीड फूट सहज जातो. हाती साडेबारा उरतात. तेवढ्यात १.५ चं यंत्र भिंतीवर सुमारे ११५ इंच कर्णाचं चित्र टाकतं. म्हणजे खोक्यावरचे २०० इंच हे भिवंडीतल्या हॉलचे नव्हेत, शेजारच्या गोदामाचे.

उंचीचं गणित याहून जास्त चुकतं. मिस्त्री येतो, स्लॅबला लागूनच ब्रॅकेट ठोकतो, यंत्र उलटं टांगतो आणि चित्र पडद्याच्या वर, भिंतीवर पडतं. मग यंत्राचं नाक खाली वाकवलं जातं. पण भिंग पडद्याकडे तिरकं पाहू लागलं की चित्र वर अरुंद आणि खाली रुंद होतं, समलंब चौकोनासारखं. यावर कीस्टोनचं बटण दाबलं जातं. चौकोन सरळ होतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. खरं तर त्या बटणाने प्रकाश सरळ केलेला नसतो. यंत्राने आपलेच काही ठिपके विझवून, उरलेल्या ठिपक्यांत चित्र कोंबलेलं असतं. फुल एचडीचे पैसे दिलेले असतात, दिसतं त्याहून कमी. जुन्या थिएटरांतही ऑपरेटरची खोली उंचावर असायची आणि तिरकेपण यायचंच. तिथे फिल्मसमोरच्या पत्र्याचा झरोका कानस घासून आकारात आणत आणि उरलेलं तिरकेपण पडद्याच्या काळ्या काठात जिरवत. त्या कारागिरीत चित्राचा काठ जायचा, पोत शाबूत राहायचा.

खरा उपाय सोपा आणि स्वस्त आहे. पुष्कळशा यंत्रांत चित्र भिंगाच्या रेषेवर मधोमध पडत नाही, मुद्दाम एका बाजूला पडतं. यालाच ऑफसेट म्हणतात. उलटं टांगलेलं असं यंत्र चित्राच्या वरच्या काठाहून जरासं उंच असावं लागतं. १०० इंची पडद्यासाठी ऑफसेट ५ टक्के असेल तर जेमतेम अडीच इंच. पडद्याचा वरचा काठ साडेसात फुटांवर आणि स्लॅब दहा फुटांवर असेल, तर यंत्र स्लॅबला नव्हे, दोन-सव्वादोन फूट खाली सोडलेल्या नळीला लटकलं पाहिजे. घरची माणसं या नळीवर नाराज होतात. ती नाराजी पत्करावी, कारण याच नळीमुळे दुसरा प्रश्नही सुटतो: छताचा पंखा. यंत्राच्या पुस्तिकांत सहसा पंख्याचा उल्लेख नसतो. भिंग पात्यांच्या खालच्या पातळीवर आलं की झोत पंख्याखालून जातो. स्लॅबला चिकटलेल्या यंत्राचा झोत पात्यांतून जातो आणि सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह तीन पात्यांत कापला जातो.

ज्या यंत्राला लेन्स शिफ्ट असतो, म्हणजे यंत्र न हलवता भिंगच वर-खाली किंवा आडवं सरकवता येतं, त्याला एवढी मापं काटेकोर लागत नाहीत आणि एकही ठिपका वाया जात नाही. प्रोजेक्टर घेताना चार पैसे जास्त मोजायचे असतील तर ते ‘स्मार्ट’पणासाठी न मोजता या सोयीसाठी मोजावेत. सिनेमा लावायला बाहेरची पन्नास उपकरणं मिळतात. भिंग सरकवायला बाहेरून काही मिळत नाही.

आडव्या मापासाठी तर सूतच पुरे. पडद्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोरा बांधावा आणि दोन्ही टोकं भिंगापर्यंत ताणावीत. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे झाले की भिंग मधोमध आहे. मात्र भिंग म्हणजे यंत्र नव्हे. बऱ्याच यंत्रांत भिंग एका कडेला असतं आणि मिस्त्री यंत्राचा मध्य धरून ब्रॅकेट ठोकतो. चार इंचांची ही चूक पुढे दहा वर्षं कीस्टोनच्या बटणाखाली झाकलेली राहते.

भिवंडीपुरत्या आणखी दोन गोष्टी. एक, धडधड. मागांच्या कारखान्याला भिंत लागून असलेल्या घरात छताला कंप असतो. कानाला त्याची सवय होते, प्रोजेक्टरला होत नाही. यंत्र एका अंशाच्या दहाव्या भागाने जरी हललं तरी चार मीटरवरचं चित्र सात मिलिमीटर सरकतं. १०० इंची फुल एचडी चित्रात ते सहा ठिपके झाले. अशा घरात लांब नळीपेक्षा भक्कम भिंतीतलं शेल्फ बरं, त्याखाली रबराची जाड गादी. दुसरी, सुताचे तंतू. यंत्राचा पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर ते येतातच. फिल्टर असलेलं यंत्र घेऊन तो वारंवार झटकणं, एवढाच इलाज.

भिंतीलगत ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर हे या सगळ्यावरचं उत्तर म्हणून हल्ली विकले जातात. पंख्याची अडचण नाही, नळी नको, हे खरं. पण ज्याचा थ्रो रेशो ०.२५ आहे ते यंत्र एक सेंटिमीटर मागे सरकलं की चित्र चार सेंटिमीटर रुंद होतं. झाडताना टेबलाला धक्का लागला की पडद्याचे काठ पुन्हा जुळवत बसा.

सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला. तेव्हा या यंत्रांचा खप वाढावा आणि त्याबरोबर चुकीच्या जागी ठोकलेली ब्रॅकेटंही वाढावीत, हे ओघाने आलं. खोक्यावर किंमत, उत्पादनाचा महिना, तक्रारीचा पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पडद्याच्या कमाल इंचांचा फुगा छापणं बंधनकारक नाही, तरी तो न चुकता छापला जातो. त्याच्या निम्म्या अक्षरांत तीन गोष्टी छापायला कंपन्यांना काय अडचण आहे? थ्रो रेशो किती ते किती, ऑफसेट किती टक्के, लेन्स शिफ्ट आहे की नाही. कर्णाऐवजी रुंदी आणि उंची, फुटांत. आणि मराठीत छापलं तर दुकानातल्या पोऱ्यालाही गिऱ्हाइकाला सांगता येईल.

तोवर गिऱ्हाइकाने खरेदीआधी टेप घेऊन भिंतीसमोर उभं राहावं. भिंतीची रुंदी, पंख्याच्या पात्यांची उंची आणि मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर दीड फूट वजा करून, अशी तीन मापं कागदावर लिहून दुकानात न्यावीत. त्या मापांत बसणारं यंत्र दुकानदाराला दाखवता आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत.